नाकातून मेंदूकडे: एका थेंबाचा पाठलाग

नाकावाटे मेंदूत औषध पोचवणं हा पीएचडीचा विषय सांगितला की आमच्या नातेवाइकांचं ठरलेलं उत्तर असायचं, "त्यात नवीन काय? आम्ही लहानपणापासून नाकात तूप सोडतोय." मावशीने तर नस्य कसं करतात, डोकं किती मागे टाकायचं, हे सगळं मला सोफ्यावर आडवं पाडून दाखवलं. मी वाद घातला नाही. नाकाचा डोक्याशी संबंध आहे ही समजूत जुनी आहे आणि ती अगदीच खोटी नाही. पण नाकात घातलेल्या औषधातलं मेंदूत नक्की किती जातं, आणि ते गेलं हे कशाच्या जोरावर म्हणायचं, हे विचारायला लागलं की भलेभले अडखळतात. माझी पीएचडीची वर्षं बहुतेक या दुसऱ्या प्रश्नानेच खाल्ली.

मी फार्मसीची. मुंबईतल्या एका कॉलेजात फार्मास्युटिक्सला, म्हणजे औषध शरीरात द्यायचं कशा रूपात हे पाहणाऱ्या विभागात, होते. काम असं होतं: मेंदूतलं एक जनुक गप्प करणारं औषध नाकावाटे आत पोचवायचं. ते जनुक अल्फा-सिन्यूक्लिन नावाचं प्रथिन बनवतं. पार्किन्सन्समध्ये चेतापेशींत ज्याच्या गुठळ्या साचतात ते हेच प्रथिन. औषध म्हणजे एसआय-आरएनए, आरएनएचा दुपदरी तुकडा, प्रत्येक पदर साधारण २१ अक्षरांचा. तो पेशीत शिरला की 'रिस्क' नावाचं प्रथिनसंकुल त्यातला एक पदर धरून ठेवतं, त्याच्याशी जुळणारा संदेशवाहक आरएनए शोधतं आणि कापून टाकतं. जनुकाला धक्का लागत नाही, त्याचा निरोप तेवढा वाटेत फाडला जातो. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ साली एका इवल्याशा सूत्रकृमीत दुपदरी आरएनएची ही करामत दाखवली आणि २००६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. २०१८ मध्ये पॅटिसिरान हे या जातीचं पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालं.

ते काम करतं यकृतात. त्यानंतर आलेल्यांपैकी बरीचशी औषधंही यकृतातच काम करतात, आणि त्याला कारण आहे. रक्तात किंवा कातडीखाली सोडलेले असले तुकडे यकृत आपणहून गोळा करतं, त्याला थोडी मदत केली की झालं. कोलेस्टेरॉलसाठीचं इन्क्लिसिरान तर सुरुवातीचे डोस झाले की सहा महिन्यांतून एकदा टोचलं तरी भागतं. मेंदू असा उदार नाही. त्याच्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की चार-पाचशे डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचं माप) जड रेणू सहसा आत शिरत नाही. पार्किन्सन्सची रोजची गोळी लेव्होडोपा, तिचं वजन १९७. तिलासुद्धा अमिनो आम्लांच्या खास दारानेच आत जावं लागतं. आमचा तुकडा तेरा हजारांच्या आसपास, वर अंगभर ऋण भार.

म्हणून मेंदू-मज्जारज्जूसाठीची या घराण्यातली औषधं आज पाठीच्या कण्यातून देतात. लहान मुलांच्या एसएमएवरचं नुसिनर्सेन २०१६ मध्ये आलं, एका प्रकारच्या एएलएसवरचं टोफर्सेन २०२३ मध्ये. स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचे हे दोन आजार. दोन्ही एकपदरी, म्हणजे आमच्या औषधाची चुलत भावंडं. नुसिनर्सेन सुरुवातीच्या डोसांनंतर दर चार महिन्यांनी, टोफर्सेन दर चार आठवड्यांनी, दर वेळी कमरेतून सुई. हे टाळता आलं तर कोणाला नको आहे?

नाकाचा मोह इथे सुरू होतो. नाकाच्या छतावर वास घेणाऱ्या चेतापेशींचा एक छोटा पट्टा असतो. या पेशींचं एक टोक बाहेरच्या हवेत, दुसरं टोक कवटीतल्या चाळणीसारख्या हाडातून थेट गंधकंदात, म्हणजे मेंदूच्या वास ओळखणाऱ्या पुढच्या टोकात. शिवाय चेहऱ्याची ट्रायजेमिनल नस आहे, ती नाकातून मेंदूच्या देठाकडे जाते. या वाटेने मेंदू गाठता येतो याचा सगळ्यात वाईट पुरावा म्हणजे नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा. केरळात अलीकडे ज्याच्या बातम्या येतात तोच. दूषित पाणी प्यायल्याने तो काही करत नाही, नाकात गेलं तर मेंदू गाठतो. औषधासाठी हीच वाट वापरावी ही कल्पना अमेरिकेतल्या मिनेसोटाचे विल्यम फ्रे १९८९ पासून मांडत आले.

पार्किन्सन्सच्या बाबतीत त्यात आणखी एक आकर्षण होतं. बऱ्याच रुग्णांचा वास हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी जातो, आणि त्या गुठळ्या ज्या भागांत सगळ्यात आधी दिसतात त्यांत गंधकंद आहे. म्हणजे औषध उतरणार तेच रोगाच्या सुरुवातीचं ठाणं. मॅडमना, म्हणजे माझ्या गाइडना, ही गोष्ट प्रपोजलमध्ये ठळक हवी होती. न्यूरोचे सर, आमचे को-गाइड, त्यांनी तिथल्या तिथे टाचणी लावली: "ज्याचा वासच गेलाय त्याची ती वाट धड राहिली असेल कशावरून?" हा प्रश्न प्रबंधात शेवटपर्यंत उघडाच राहिला.

सुरुवात कणांपासून. एसआय-आरएनए येते ती कोरडी, ट्यूबच्या भिंतीला कुठेतरी चिकटलेली. डोळ्यांना काहीच दिसत नाही. आधी ट्यूब फिरवून घ्यायची, मग उघडायची, नाहीतर हजारोंचा माल झाकणाला लागून जातो. आणि सगळीकडे आरएनेज. आपल्या बोटांवर, श्वासात, टेबलावर, आरएनए कुरतडणारं हे विकर कुठे नसतं? त्यामुळे वेगळी पिपेट, वेगळं पाणी, वेगळे टिप्स, आणि "आरएनएसाठी, हात लावू नये" अशी चिठ्ठी. ती चिठ्ठी वाचून एमफार्मची मुलं हमखास तिथलेच टिप्स घ्यायची. ते सगळ्यात स्वच्छ असतात ना.

तुकडा गुंडाळायला कायटोसान वापरलं. कोळंबी आणि खेकड्यांच्या टरफलांपासून ते बनतं. मी रत्नागिरीकडची, त्यामुळे घरी एवढं सांगितलं तरी विषय पुरायचा. पातळ ॲसेटिक आम्लात ते विरघळतं आणि त्याच्या अंगावर धन भार येतो. आरएनए ऋण, कायटोसान धन. मॅग्नेटिक स्टररवर एकात दुसरं थेंबथेंब सोडलं, सोबत कण बांधून ठेवणारं ट्रायपॉलीफॉस्फेट, की द्रावणाला निळसर दुधी झाक येते. ती झाक आली म्हणजे कण झाले. गढूळ होऊन तळाशी बसलं म्हणजे बॅच गेली. शंभर ते दीडशे नॅनोमीटरचे कण हवे होते, कारण वास घेणाऱ्या चेतापेशींचे तंतूच साधारण दोनशे नॅनोमीटर जाडीचे.

कायटोसानची गंमत आणि त्रास एकच. नाकातला शेंबूड ऋण भाराचा, त्यामुळे कण त्याला चिकटतात. चिकटायलाच हवेत, कारण नाकाच्या अस्तरावरचे डोळ्यांना न दिसणारे हलते केस पंधरा-वीस मिनिटांत सगळं घशाकडे ढकलून देतात. पण फार चिकटले तर शेंबडातच अडकून बसतात आणि त्याच्याबरोबर पोटात जातात. भार थोडा कमी करावा तर आरएनए सुटते. या एका ओढाताणीत किती बॅचेस गेल्या ते लॅबच्या वहीला माहीत.

मग देवनारचा कत्तलखाना.

उंदरांवर जाण्याआधी कण नाकाच्या खऱ्या अस्तरातून पलीकडे जातात का हे पाहायचं असतं. त्यासाठी मेंढीचं किंवा बकऱ्याचं नाक लागतं आणि मुंबईत ते देवनारला मिळतं. पहाटेच निघावं लागतं, कारण अस्तर काही तासांतच वापरायचं असतं. थर्माकोलचा डबा, बर्फ, बफरच्या बाटल्या आणि कॉलेजचं पत्र. पत्र कधीच कोणी पाहिलं नाही. पहिल्या दिवशी तिथल्या माणसाने मला नीट निरखून विचारलं, "पूरी मुंडी चाहिए या सिर्फ नाक?" नुसतं नाक कापून दिलं तर आतला पडदा चेचतो, म्हणून मुंडीच घ्यायची. सत्तूरचा एक घाव, मधोमध उभा. दोन भाग झाले की मधला पडदा दिसतो, दोन्ही बाजूंनी गुलाबी, ओला, चमकणारा. पुढचा भाग फिकट असतो. मागे, वरच्या कोपऱ्यात, डोळ्यांच्या रेषेत, अस्तर पिवळसर तपकिरी होतं. तोच वासाचा पट्टा. पुस्तकात वाचलेलं असतं, पण कुणाच्या तरी कवटीत तो रंग बदलताना पाहिला की नकाशा डोक्यात कायमचा बसतो.

एका मुंडीत पांढऱ्या जाड अळ्या होत्या, चांगल्या वळवळत्या. मी मागे सरकले तर तो माणूस हसला. मेंढ्या-बकऱ्यांच्या नाकपुडीशी एक माशी पिल्लं टाकते आणि ती नाकाच्या पोकळ्यांत वाढतात, हे मला नंतर कळलं. ते नाक अर्थातच वापरता येणार नव्हतं. सर्दी झालेल्या बकऱ्याचंही नाही. धडधाकट दिसणाऱ्या अस्तरांतसुद्धा जाडीत इतका फरक पडायचा की आलेखावरच्या एरर बार, म्हणजे आकड्यांतली तफावत दाखवणाऱ्या रेघा, बघून मॅडम उसासा टाकायच्या.

अस्तर चिमट्याने सोलून फ्रांझ सेल नावाच्या दोन कप्प्यांच्या काचेच्या भांड्यात मधोमध ताणून बसवायचं, ३४ अंशांवर, कारण नाक शरीरापेक्षा थोडं थंड असतं. वरच्या कप्प्यात कण, खालच्या कप्प्यात बफर, ठरावीक वेळाने खालून नमुना. कण पलीकडे गेले, नुसत्या आरएनएपेक्षा बरे गेले. हे मेलेलं अस्तर आहे, त्याच्या पलीकडे मेंदू नाही, काचेची नळी आहे, हे प्रेझेंटेशनमध्ये शेवटच्या स्लाइडवर बारीक अक्षरात यायचं. बहुतेकांच्या प्रेझेंटेशनमध्ये तिथेच येतं.

उंदरांसाठी परवानगी लागते. संस्थेची प्राणी नीतिमत्ता समिती, फॉर्म बी, किती उंदीर आणि तेवढेच का याचा हिशेब. समितीतल्या बाहेरच्या सदस्याने विचारलं, "भूल न देता थेंब सोडणार, मग उंदीर घाबरणार नाही का?" प्रश्न रास्त होता. भूल दिली तर उंदीर निपचित पडतो, पण श्वास बदलतो आणि थेंब जरा जास्त झाला की औषध फुप्फुसात उतरतं. भूल न देता द्यायचं तर उंदराला माणसाच्या हाताची सवय हवी.

ती सवय मला लावली ॲनिमल हाऊसच्या काकांनी. मला की उंदरांना, कोण जाणे. "मॅडम, आधी नुसता हात ठेवा पिंजऱ्यात. पकडू नका," ते म्हणाले. मग तुसात हात ठेवून बसायचं. ते येतात, हुंगतात, बोटावर चढतात. मग तळहातावर. मग मानेमागची कातडी दोन बोटांत, हलकेच. मग पालथा उंदीर उताणा करायचा, हनुवटी छताला समांतर. हे जमेपर्यंत औषधाला हात लावायचा नाही, नुसतं सलाईन. जमल्यावर पिपेटच्या टोकावर तीन मायक्रोलिटरचा थेंब काढायचा, मोहरीच्या दाण्याएवढा, आणि नाकपुडीच्या तोंडाशी नुसता धरायचा. आत ढकलायचा नाही. उंदीर श्वास घेतो आणि थेंब गायब होतो. मग दुसरी नाकपुडी, थांबा, परत पहिली. सगळं मिळून वीसेक मायक्रोलिटर. त्याहून जास्त दिलं की नाकातून बुडबुडे येतात किंवा तो गिळतो, आणि मग आपण पोटात औषध देऊन त्याला नाकाचं म्हणत बसतो.

पहिल्या खेपेला आरएनएला लाल चमकणारा रंग जोडला होता. काही तासांनी मेंदू काढून इमेजिंग केलं आणि गंधकंद उजळलेला दिसला. लॅबमध्ये पेढे आले. मॅडमनी चित्र मोबाइलवर घेतलं. सरांनी ते चित्र झूम करून पाहिलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "छान. आता नुसता रंग देऊन बघ."

नुसता रंग दिला. गंधकंद तेव्हाही उजळला. कमी, पण उजळला. म्हणजे ते सुंदर चित्र एवढंच सांगत होतं की रंग पोचला. आरएनए त्याला अजून चिकटलेली आहे की वाटेत तुटली, यावर ते अवाक्षर काढत नव्हतं.

पुढचे महिने अशा शंकांचे. गंधकंद नाकाला इतका लागून असतो की मेंदू उचलताना तो चाळणीच्या हाडाला चिकटून तुटतो. चिमटा एकदा जरी नाकाच्या अस्तराला लागला तर तिथलं औषध गंधकंदाच्या नमुन्यात येतं आणि आकडा फुगतो. म्हणून मेंदू मागून काढत आणायचा, मागचा लहान मेंदू आधी, गंधकंद शेवटी, प्रत्येक तुकड्याला नवा चिमटा. दुसरी शंका रक्ताची. नाकाचं अस्तर रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेलं असतं. आजोबा तपकीर ओढायचे, तिची तरतरी यायची ती त्याच रक्तातून. मग आपलं औषध रक्तात जाऊन मेंदूच्या वाहिन्यांत नुसतं फिरत नसेल कशावरून? त्यासाठी आधी हृदयात सुई घालून सलाईन सोडायचं आणि यकृत फिकं पडेपर्यंत सगळं रक्त धुऊन काढायचं. शिवाय एक गट असा की ज्याला तेच कण, तोच डोस, पण शेपटीच्या शिरेतून. आणि एक गट असा की ज्याच्या आरएनएची अक्षरं तीच पण क्रम विस्कटलेला, म्हणजे कण तोच आणि निरोप फाडण्याची ताकद शून्य.

हे गट खर्चिक असतात, पेपरमध्ये त्यांना एक ओळ मिळते, आणि उंदीर जास्त लागतात म्हणून समितीपुढे पुन्हा जावं लागतं. नाकातून मेंदूत औषध नेल्याचे पेपर वाचताना मी आता आधी तेवढंच शोधते: शिरेतला गट आहे का, नुसत्या रंगाचा आहे का, रक्त धुतलं होतं का. नसेल तर चमकणारं चित्र कितीही देखणं असो, मी पान उलटते.

आमचं शेवटी काय निघालं? चित्र बाजूला ठेवून आरएनएचा पदरच पीसीआरने मोजला. गंधकंदात तो सापडला, शिरेतून दिलेल्या गटापेक्षा स्पष्ट जास्त. मेंदूच्या देठातही थोडा, बहुधा ट्रायजेमिनलच्या वाटेने. अल्फा-सिन्यूक्लिनचा निरोप गंधकंदात कमी झाला, विस्कटलेल्या क्रमाने झाला नाही. इथवर आम्ही खूश. पण पार्किन्सन्समध्ये ज्या पेशी मरतात त्या मध्यमेंदूत, आणि तिथे पीसीआरचा आकडा मोजणीच्या तळालाच घुटमळत राहिला. नाकात दिलेल्या डोसाचा एक टक्कासुद्धा मेंदूत पोचत नाही हा या क्षेत्राचा नेहमीचा अनुभव, आम्हीही त्याला अपवाद ठरलो नाही. शिवाय पोचलेलं सगळं कामाला येत नाही. पेशी कणाला पिशवीत गुंडाळून आत घेते आणि त्या पिशवीतून निसटतो तो अगदी थोडा भाग.

उंदराचं नाक ही आणखी एक उधारी. त्याच्या नाकातलं जवळजवळ अर्धं अस्तर वासाचं असतं, आपलं पाच टक्क्यांच्या आसपास, तेही वर, एक-दोन मिलिमीटरच्या फटीत. साध्या स्प्रेचा फवारा तिथे क्वचितच चढतो. अल्झायमर्ससाठी नाकातून इन्सुलिन देण्याची मोठी अमेरिकन चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. फायदा दिसला नाही, आणि फवारा देणारं उपकरण नीट चालत नाही म्हणून ते मध्येच बदलावं लागलं होतं. औषध हरलं की उपकरण, यावर अजून वाद आहे.

सुरक्षिततेचा इतिहासही कौतुकाचा नाही. १९३७ साली टोरांटोत पोलिओ रोखायला सुमारे पाच हजार मुलांच्या नाकात, अगदी वरच्या पट्ट्यावर, झिंक सल्फेट फवारलं. पोलिओ थांबला नाही, काहींचा वास मात्र गेला. २००० च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये फ्लूची एक नाकातली लस आली. तिच्यात जिवाणूच्या विषापासून बनवलेला एक घटक होता. चेहऱ्याचा लकवा वाढलेला दिसल्यावर ती मागे घ्यावी लागली. नाकातलं सगळंच धोक्याचं असं यातून निघत नाही. आपल्याकडे २०२३ मध्ये कोविडची नाकातली लस आलीच की, पण तिला मेंदूत जायचं नसतं. मुद्दाम मेंदूकडे जाणारा, महिनोन्महिने घ्यायचा धन भाराचा कण त्या पट्ट्याला काय करतो, हे आम्ही थोड्या आठवड्यांपुरतंच पाहिलं. अस्तराच्या स्लाइड स्वच्छ होत्या. थोड्या आठवड्यांपुरत्या.

व्हायवात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सरळ विचारलं, "मॅसॅच्युसेट्सच्या गटाने मेंदूच्या पोकळीत एकदा टोचून उंदरात सहा महिने जनुक गप्प ठेवलं. तुमच्या रोजच्या थेंबांची गरज काय?" तो २०१९ चा पेपर मला पाठ होता. त्यांच्या आरएनएचं रसायनच वेगळं आहे, दोन तुकडे जोडलेले, सहज न तुटणारे. मी म्हटलं, सर, तसलाच तुकडा नाकातून देऊन बघायला हवा, मग थेंब रोज लागणार नाहीत. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. असल्या तुकड्याची किंमत त्यांना माहीत होती.

स्थानिक पेपरात आमच्या कामाची चौकट आल्यावर नाशिकहून एका गृहस्थांचा फोन आला. वडिलांना पार्किन्सन्स, स्प्रे कधी मिळेल? मी सांगितलं, स्प्रे असं काही नाही, उंदरांच्या नाकातले थेंब आहेत. गोळ्या वेळेवर द्या, न्यूरोलॉजिस्टना न विचारता काही बंद करू नका. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "बातमीत तर असं लिहिलं नव्हतं." नव्हतंच.

आता मी उंदरांचं काम करत नाही. सीटी स्कॅनवरून थ्रीडी प्रिंट केलेली माणसांची नाकं टेबलावर मांडली आहेत, पारदर्शक, प्रत्येकाची फट वेगळी, एकाचा पडदा चांगलाच वाकडा. वेगवेगळ्या कोनांतून, वेगवेगळ्या नळ्यांनी रंगीत पाणी फवारते आणि वरच्या पट्ट्यावर किती बसलं ते मोजते. लांब नळी आणि मागे टाकलेलं डोकं यांनी फरक पडतो, त्यामुळे मावशीला फोन करून सांगावं लागलं की तिचा तो डोकं मागे टाकायचा आग्रह अगदीच चुकीचा नव्हता. पण बाजारात मिळणाऱ्या साध्या पंपाने अजून तरी जवळजवळ सगळं नाकाच्या पुढच्या भागातच बसतंय, आणि वाकड्या पडद्याच्या नाकात एका बाजूने वर काहीच चढत नाही.